मराठी शब्दाचा माग

ज्ञानेश्वरीच्या बऱ्याच आवृत्त्यांच्या शेवटी ओव्यांची अकारादी सूची असते. ओवीचा पहिला शब्द आठवला की तो सूचीत काढायचा, अध्याय आणि ओवीक्रमांक मिळतो. पण ओवी नेहमी पहिल्या शब्दापासूनच आठवते असे नाही. मधलीच एखादी उपमा मनात घोळत असते, शेवटचा चरण ओठांवर असतो आणि सुरुवात काही केल्या सुचत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात सांगितल्या गेलेल्या या ग्रंथात नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत. पहिला शब्द हाताशी नसेल, तर पाने चाळत बसण्यावाचून गत्यंतर नसे.

इंटरनेटवरच्या शोधाची पहिली वर्षे याच अडचणीत गेली. १९९० मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एम्टेज या बार्बाडोसहून आलेल्या विद्यार्थ्याने ‘आर्ची’ नावाची आज्ञावली तयार केली. ठिकठिकाणच्या संगणकांवर लोकांसाठी खुल्या ठेवलेल्या फायलींची नावे ती गोळा करायची. नाव ठाऊक असेल तर फाइल मिळे, फायलीच्या आत काय आहे याचा आर्चीला पत्ता नसे. डिसेंबर १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर याने ‘जंपस्टेशन’ सुरू केले. वेबवरची पाने स्वतःहून हुडकत फिरायचे, त्यांची सूची करायची आणि विचारणाऱ्याला त्या सूचीतून उत्तर द्यायचे, ही तिन्ही कामे एकत्र करणारे हे पहिले यंत्र. आजच्या प्रत्येक शोधयंत्राचा सांगाडा तोच आहे. फक्त फ्लेचरच्या हाताशी असलेला संगणक लहान होता, म्हणून सूचीत पानांची शीर्षके आणि ठळक मथळे एवढेच मावत. विद्यापीठाकडून पैसा मिळाला नाही आणि १९९४ च्या अखेरीस त्याने काम सोडले. ज्याच्या कल्पनेवर पुढे अब्जावधींचे उद्योग उभे राहिले, त्याचे नाव कितीतरी वर्षे कुणाच्या तोंडी नव्हते याची मला खंत वाटते.

मधल्या शब्दावरून पान सापडण्याची सोय २० एप्रिल १९९४ ला झाली. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ब्रायन पिंकर्टनने ‘वेबक्रॉलर’ लोकांसाठी खुले केले. त्यात पानावरचा शब्दन्‌शब्द सूचीत घेतलेला होता. पाठोपाठ लायकॉस आले, इन्फोसीक आले, आणि १५ डिसेंबर १९९५ ला डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने ‘ऑल्टाव्हिस्टा’ जगापुढे ठेवले. लुई मोनिएने पाने गोळा करणारा भाग लिहिला होता, मायकेल बरोजने सूची करणारा. सुरुवातीलाच सुमारे १ कोटी ६० लाख पानांचा संपूर्ण मजकूर त्यात होता आणि उत्तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच येई. गूगल अजून तीन वर्षे लांब होते.

या सगळ्या यंत्रांची मूळ युक्ती एकच. पाने वाचताना प्रत्येक शब्दाची एक वही उघडायची आणि तो शब्द कुठल्या कुठल्या पानावर आला त्याची नोंद तीत करत जायची. पुढे कुणी शब्द विचारला की पाने पुन्हा वाचायची नाहीत, फक्त त्या शब्दाची वही काढून दाखवायची. ओवीसूचीचेच हे रूप, पण प्रत्येक शब्दासाठी. ही युक्ती चालायला दोन गोष्टी आधी ठरलेल्या असाव्या लागतात. अक्षर कुठल्याही संगणकावर एकाच क्रमांकाने साठवले गेले पाहिजे आणि शब्द कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे यंत्राला कळले पाहिजे. इंग्रजीत हे दोन्ही केव्हाच ठरलेले होते, म्हणून ही यंत्रे लिहिणाऱ्यांना त्याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. मराठीला मात्र या दोन गोष्टींसाठी पंधरा-वीस वर्षे झगडावे लागले. तो झगडा ज्यांनी दिला त्यांची नावे आपल्याकडे फारशी घेतली जात नाहीत, म्हणून हा लेख.

विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आधी मुंबईसारखी महानगरे, मग पुण्यासारखी शहरे. जिथे केंद्र नव्हते तिथून एसटीडी लावून जोडणी घ्यायची आणि मीटरकडे बघत पान उघडण्याची वाट पाहायची. त्याच्या पाच महिने आधी, मार्च १९९५ मध्ये, मुंबईत राजेश जैन यांनी ‘इंडियावर्ल्ड’ सुरू केले होते. भारतातल्या वाचकाकडे इंटरनेटच नव्हते, तेव्हा वाचणारे होते ते परदेशी गेलेले भारतीय. बातम्या, क्रिकेट, पाककृती अशी त्यांची वेगवेगळी संकेतस्थळे पुढे निघाली. त्यातले ‘खोज’ हे भारताविषयीची संकेतस्थळे विषयवार लावून शोधून देणारे. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवे या कंपनीने हा सगळा पसारा ४९९ कोटी रुपयांना घेतला, तेव्हा ज्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावला नव्हता त्यांनीही तो आकडा वर्तमानपत्रात दोनदा वाचला असेल. ‘खोज’चे नाव आपल्या भाषांतले होते, पण शोध इंग्रजीतच घ्यावा लागे.

त्याच सुमारास खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा द्यायची परवानगी मिळाली आणि जिल्ह्याच्या गावांत सायबर कॅफे निघाले. आमच्या नगरलाही, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरलाही, ते सावेडीपासून माळीवाड्यापर्यंत झाले. प्लायवूडच्या आडोशाने केलेल्या खोपट्या, विंडोज ९८ चे संगणक, तासाच्या हिशेबाने पैसे. मराठी वर्तमानपत्रे तोवर इंटरनेटवर आली होती. पत्ता टाकला की वर्तमानपत्राचे नाव दिसे, कारण ते चित्र असे. खाली बातमीच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, महिरपी कंस आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी. पानाच्या कोपऱ्यात ‘फाँट उतरवून घ्या’ अशी सूचना असायची. तो उतरवायचा, संगणकात बसवायचा, पान पुन्हा उघडायचे, की खिचडीची मराठी होई. दुसरे वर्तमानपत्र उघडले की दुसरा फाँट. कॅफेवाल्याने आधीच सगळे बसवून ठेवले असतील तर वेळ वाचे. पुढे फाँट आपोआप उतरवणारी युक्ती निघाली, पण ती ठरावीक ब्राउझरमध्येच चाले.

डोळ्यांपुरता प्रश्न असा सुटायचा. यंत्रापुरता सुटत नव्हता, आणि ते का, हे नीट पाहण्यासारखे आहे.

त्या काळचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले साचे होते. संगणकाच्या लेखी ते पान इंग्रजीच राही, दिसायला फक्त मराठी. शिवाय जागा होत्या दोनशेच्या आसपास आणि देवनागरीचे आकार, जोडाक्षरे, मात्रा, रफार त्याहून कितीतरी जास्त. म्हणून अक्षरांचे तुकडे करावे लागत. अनेक फाँटांत ‘म’ सलग नव्हता, अर्धा म् आणि त्यापुढे उभा दंड असे दोन तुकडे जोडून तो उभा राही. ‘कि’मधली वेलांटी आपण क नंतर म्हणतो, पण ती कागदावर क च्या आधी दिसते, म्हणून साठवतानाही आधीच. ‘धर्म’मधला रफार म च्या डोक्यावर दिसतो, म्हणून ध, मग म, मग रफार. आणि तुकड्यांना जागा पुरेनात म्हणून स्वल्पविराम, अर्धविराम, कंस यांच्याही जागा अक्षरांनी घेतल्या. शोधयंत्र मात्र स्वल्पविराम दिसला की शब्द संपला असे धरते. त्यामुळे एकाच मराठी शब्दाचे मधोमध दोन-तीन तुकडे होत आणि त्या निरर्थक तुकड्यांच्या वह्या उघडल्या जात. त्यातही प्रत्येक कंपनीची जागावाटणी वेगळी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी वेगळी, सी-डॅकचे फाँट वेगळे, घरगुती वापरातले फुकट फाँट आणखी वेगळे. ‘पाऊस’ हा शब्द दहा संकेतस्थळांवर दहा तऱ्हांनी साठवलेला, आणि त्यातली एकही तऱ्हा ‘पाऊस’ नव्हती.

म्हणजे अग्रलेख होते, बाजारभाव होते, दिवाळी अंकांतल्या कथा होत्या, परगावच्या मुलाला वाचता येईल अशी गावाकडची बातमी होती. आणि जगातल्या सर्वांत मोठ्या शोधयंत्राच्या लेखी त्यातले काहीच नव्हते.

खरी हळहळ याची वाटते की उत्तर तयार होते. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम ऐंशीच्या दशकातच केले होते. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ‘जिस्ट’ नावाचे ते तंत्रज्ञान तिथे आले. त्यामागचा विचार साधा आणि पक्का होता. अक्षर कसे दिसते ते साठवायचे नाही, ते उच्चारात कोणत्या क्रमाने येते ते साठवायचे. ‘कि’ म्हणजे क आणि मग वेलांटी. ‘धर्म’ म्हणजे ध, र, हलन्त, म. पडद्यावर वेलांटी पुढे ओढणे, रफार डोक्यावर चढवणे हे यंत्राने करायचे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ या नावाने हे प्रमाण ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्याच आधीच्या मसुद्यावर बेतलेली होती. म्हणजे जंपस्टेशनच्या आधी दोन वर्षे मराठीच्या प्रत्येक अक्षराला जगभर चालेल असा क्रमांक मिळालेला होता.

पण क्रमांक मिळाला तरी त्यावरून अक्षर रंगवणार कोण? विंडोज ९५ आणि ९८ मध्ये ती सोयच नव्हती. वर्तमानपत्रांना उद्याचा अंक आज काढायचा होता. त्यांनी जो फाँट छपाईला चालत होता तोच वेबवर टाकला, आणि त्यासाठी त्यांना दोष देता येत नाही.

ही कोंडी फुटली ती विंडोज २००० मुळे. तिच्यासोबत ‘मंगल’ हा देवनागरी फाँट आला. तो रेखाटणारे र. कृ. जोशी हे मुंबईतले सुलेखनकार आणि कवी. उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शन केलेले, मग आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात विद्यार्थी घडवलेले. बोरू आणि ब्रश यांच्यावर हात बसलेला हा माणूस उतारवयात जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात प्रोग्रामरांच्या शेजारी बसला. कुठली वेलांटी कुठल्या अक्षराला कुठवर झुकेल, द ला व जोडताना तो कुठे बसेल, असे नियम फाँटाच्या आतच लिहावे लागतात, आणि अक्षराचा देह आतून ओळखणाराच ते लिहू शकतो. मंगलच्या देखणेपणाबद्दल मते वेगळी असतील. बारीक आकारात तो पडद्यावर कडक दिसतो, हे खरेच. पण मराठीत लिहिलेला मजकूर मराठी म्हणूनच साठवला जाण्याची सोय घराघरांतल्या संगणकावर आली ती त्याच्यामुळे. जोशी २००८ मध्ये गेले.

सोय आली तरी ती झाकलेली होती. विंडोज एक्सपीमध्ये कंट्रोल पॅनेल उघडायचे, भाषांच्या खिडकीत जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांच्या चौकटीत खूण करायची, आणि मग संगणक मूळ सीडी मागायचा. ती कॅफेवाल्याकडे असेलच असे नाही. हे सगळे पायरीपायरीने समजावून सांगणारी पाने तेव्हा हौशी लोकांनी लिहिली, आणि ती वाचत कितीतरी लोकांनी आपापल्या संगणकावर पहिल्यांदा मराठी उमटवली.

परदेशी गेलेल्या मराठी माणसांनी त्याआधी आपापली वाट काढली होती. १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘मायबोली’ या संकेतस्थळावर बरीच वर्षे रोमन लिपीतून मराठी चालली. अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ने रोमन टंकलेखनावरून देवनागरी उमटवायची पद्धत दिली आणि तिच्या आधाराने गाण्यांचे मोठे साठे उभे राहिले. गंमत अशी की इंटरनेटवरची सर्वांत आधी शोधता आलेली मराठी ही रोमनमधली. ऑल्टाव्हिस्टाला ती अक्षरे कळत होती. पण प्रत्येकाचे स्पेलिंग आपल्या मनाचे. ज्ञानेश्वरांच्या नावाची सुरुवात कुणी डी-एन-वाय ने करी, कुणी जे-एन ने, कुणी जी-वाय ने. एक शोधले की दुसरे निसटे.

१ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो पहिल्यापासून युनिकोडमध्ये. २००४ मध्ये ‘मनोगत’ हे संकेतस्थळ आले, तिथे थेट पानावरच देवनागरी टंकता येई. ‘बरहा’, ‘गमभन’ अशी टंकलेखनाची साधने लोकांनी एकमेकांना दिली. या लोकांनी मोबदल्याची वाट न पाहता जे लिहिले, तेच शोधयंत्रांना वाचता आलेल्या मराठीचे पहिले मोठे भांडार ठरले. वर्तमानपत्रे एकेक करून मागाहून आली.

ही अवस्था किती बिकट होती याचा एक आकडा आहे. २००६ मध्ये एडिंबरोच्या जागतिक वेब परिषदेत हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या प्रसाद पिंगली, जगदीश जागरलमुडी आणि वासुदेव वर्मा यांनी ‘वेबखोज’ या शोधयंत्रावरचा निबंध मांडला. वेबवरचा भारतीय भाषांतला ९५ टक्क्यांहून जास्त मजकूर फाँटांच्या या गोंधळामुळे शोधता येत नाही, असे त्यांनी लिहिले. त्यांचे यंत्र पान कुठल्या फाँटात आहे हे ओळखायचे, ते उलगडून एका प्रमाण संकेतात आणायचे आणि मगच सूचीत घ्यायचे. ऑल्टाव्हिस्टाला दहा वर्षे होऊन गेली होती, गूगल भांडवल बाजारात येऊन दोन वर्षे झाली होती, आणि आपल्या भाषांचे वीसपैकी एकोणीस भाग अंधारात होते.

युनिकोड आल्यावरही मराठीची एक गाठ सुटली नव्हती. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. त्यातला र हा रफार होऊन डोक्यावर चढत नाही, आडवा होऊन य ला बिलगतो. युनिकोडमध्ये तो दोन वाटांनी उमटवता येतो. एका वाटेने नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्या वाटेने साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर रेघेचाही फरक दिसत नाही, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. हिंदीला ही अडचण नाही, कारण हिंदीत हे अक्षरच नाही. दऱ्या, वाऱ्यावर, पुढाऱ्यांनी, वारकऱ्यांच्या, आणि शेतकऱ्यांचे प्रत्येक रूप. आमच्या जिल्ह्याची निम्मी बातमी ज्या शब्दावाचून लिहिता येत नाही, तोच दोन वह्यांत वाटला जात होता.

मग दुसरी अट उरली, शब्द ओळखण्याची. इथे मराठीचे व्याकरणच आड आले.

इंग्रजीत गावाच्या नावाला काही चिकटत नाही. मराठीत सगळे चिकटते, आणि चिकटताना शब्दाचे मूळ रूपही वाकते. नेवासे, पण नेवाशाला, नेवाशाहून, नेवाशातल्या. पाणी, पण पाण्यात. ‘नेवासे’ शोधणाऱ्या यंत्राला ‘नेवाशात’ लिहिलेली बातमी मिळणार नाही. २००८ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने ‘फायर’ हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा या प्रश्नाला पहिल्यांदा नीट माप लागले. मराठीसाठी ‘सकाळ’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’मधल्या २००४ ते २००७ च्या सुमारे ९९ हजार बातम्यांचा संच करण्यात आला आणि जगभरच्या अभ्यासकांना त्यावर आपली शोधपद्धत आजमावायला दिला. स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल विद्यापीठातले ज्याक सावोय आणि ल्यिल्याना डोलामिच यांनी त्यावर काम केले. प्रत्यय सढळ हाताने छाटून शब्दाचे मूळ काढले, तर शोधाची अचूकता न छाटता केलेल्या शोधापेक्षा बंगालीत १८ टक्क्यांनी वाढली, हिंदीत २८ टक्क्यांनी आणि मराठीत ४२ टक्क्यांनी. आपले विभक्तिप्रत्यय आणि सामान्यरूपे यंत्राला किती छळतात, याचा हा आकडा.

त्यांनी एक सोपी पद्धतही तपासली. व्याकरणाच्या वाटेला जायचेच नाही, प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे ठेवायची आणि बाकी टाकून द्यायचे. संगणकाच्या मोजणीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे प्रत्येकी एक अक्षर. इतकी आडदांड पद्धत, पण तिचे निकाल प्रत्यय छाटण्याच्या तोडीस तोड आले. ती आमच्या जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांवर चालवून पाहिली, तर मराठीत शोध घेणे म्हणजे काय हे लख्ख दिसते.

नेवासे आणि नेवाशाला, दोन्हींचे ‘नेवा’ होते. उत्तम, गाठ सुटली. जामखेड, पारनेर यांचेही ठीक. शेवगावचे उरते शेव आणि ग, आणि शेवग्याच्या शेंगांचेही तेच. कर्जतचे राहते ‘कर्ज’. शेतकऱ्यांच्या कर्जाच्या बातम्यांनी भरलेल्या त्या वर्षांत कर्जत तालुका शोधणाऱ्याच्या पुढे काय आले असते ते सांगायला नको, आणि रायगडचे कर्जत वेगळेच. राहाता आणि ‘राहायला’ एक होतात. श्रीगोंदे आणि श्रीरामपूर दोघांचेही नुसते ‘श्री’ उरते. आणि खुद्द नगर? ते मुळात तीनच अक्षरांचे, म्हणून ‘नगरला’ वेगळे, ‘नगरचा’ वेगळे, ‘नगरहून’ वेगळे. जिल्ह्याच्या मुख्य गावालाच ही पद्धत लागू पडत नाही.

अकोल्याचे दुखणे याहून खोल आहे, कारण तिथे व्याकरण पूर्ण येणारे यंत्रही अडते. आमचे अकोले आणि विदर्भातले अकोला, मूळ रूपे वेगळी. पण प्रत्यय लागला की दोन्हींचे ‘अकोल्यात’, दोन्हींचे ‘अकोल्याचा’. ‘अकोल्यात पाऊस’ हे शब्द भंडारदऱ्याच्या पाणलोटाबद्दल आहेत की मोर्णेकाठच्या शहराबद्दल, हे वाक्यातून कळत नाही. मराठी वाचकाला ते शेजारच्या शब्दांवरून कळते. जवळपास कळसूबाई असेल, प्रवरा असेल, रतनगड असेल, तर ते आमचे. यंत्राला हे शिकवायचे तर त्याला शब्दांबरोबर भूगोलही द्यावा लागतो.

अर्थाच्या वाटेने जाण्याचा एक धाडसी प्रयत्न त्याआधीच पवईत झाला होता. २००४ मध्ये आयआयटी मुंबईतल्या पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने, मृगांक सुर्वे आणि इतर सहकाऱ्यांनी, ‘ॲग्रो एक्सप्लोरर’ हे शेतीविषयक शोधयंत्र मांडले. प्रश्न मराठीत विचारायचा. यंत्र शब्द जुळवत बसणार नाही, वाक्यातल्या कर्ता, कर्म, क्रिया यांचे नाते एका मधल्या सांकेतिक भाषेत उतरवणार, कागदपत्रेही त्याच भाषेत उतरवून ठेवणार आणि नात्याशी नाते जुळवणार. मग मूळ कागद इंग्रजी असला तरी चालेल. त्याच संस्थेतल्या कृती रामामृतम यांच्या गटाने २००३ मध्ये ‘आक्वा’ सुरू केले, त्यात शेतकऱ्याने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तज्ज्ञ उत्तर देत आणि ते पुढच्याला शोधता येई. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम त्यात सुरुवातीपासून होता.

या प्रयत्नांचे मोल नगरच्या माणसाला चटकन कळावे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आमच्याच जिल्ह्यात आहे. त्याची ‘कृषिदर्शनी’ शेतकरी घरात ठेवतो. डाळिंबावर डाग पडले, कांद्याची पात पिवळी पडली, की पीकवार पाने काढून बघतो. त्याला रोगाचे नाव माहीत नसते, दिसते ते माहीत असते. ‘पाने कडेने करपली’ एवढेच तो सांगू शकतो, आणि पुस्तकात वा इंग्रजी शोधनिबंधात तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत असते. शब्दाला शब्द जुळवून त्याला उत्तर मिळणार नाही, अर्थ जुळवावा लागेल, हे पवईतल्या लोकांनी वीस वर्षांपूर्वी ओळखले होते. त्यांचे यंत्र मोठ्या प्रमाणावर शेतापर्यंत पोचले नाही. वाक्य मधल्या भाषेत उतरवण्याचे काम तेव्हाच्या संगणकांना झेपण्यापलीकडचे होते. पण प्रश्न त्यांनी बरोबर धरला होता, आणि त्या खटपटीतून मराठी शब्दांचे अर्थजाळे, शब्दरूपांची विश्लेषणे असे जे टिकाऊ काम झाले ते पुढच्यांच्या उपयोगी पडले.

२००६ पासून केंद्र सरकारच्या मदतीने अनेक संस्थांनी मिळून भारतीय भाषांच्या शोधयंत्राचे काम घेतले, त्याचे नेतृत्व आयआयटी मुंबईकडे होते. त्यातून ‘संधान’ तयार झाले. विषय घेतला पर्यटनाचा, आणि भाषांमध्ये हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगूबरोबर मराठी होती. पर्यटन हा विषय मला योग्य वाटतो. शिर्डी, भंडारदरा, नेहरूंना १९४२ ते १९४५ कैदेत ठेवले तो नगरचा किल्ला, अशा ठिकाणांची नावे सरळ रूपात क्वचितच येतात. शिर्डीला जायचे असते, भंडारदऱ्यात राहायचे असते, किल्ल्यात शिरायचे असते. प्रत्यय, आडवा र, सामान्यरूप, सगळ्या अडचणी एका सहलीत भेटतात.

आता जिल्ह्यापुढे नवे काम आले आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्यांच्या नावाने ते झाले त्या अहिल्यादेवी होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, त्यामुळे पहिल्या चार अक्षरांच्या पद्धतीने व्यक्ती आणि जिल्हा एकाच वहीत जातात. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड आजच्या रूढ इंग्रजी स्पेलिंगपेक्षा वेगळ्या स्पेलिंगने ‘अहमदनगर’ लिहितो. १९७२ च्या दुष्काळाच्या बातम्यांत कुठे अहमदनगर आहे, कुठे नुसते नगर. त्या दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने अहिल्यानगर टंकले, तर हे सगळे कागद त्याच्यापुढे यायला हवेत. विकिपीडियावर असे काम पुनर्निर्देशनाने होते. जुन्या नावाचे पान कायम ठेवायचे आणि तिथे येणाऱ्याला नव्या पानाकडे वळवायचे. नेवासा लिहिणाऱ्याला नेवाशाच्या पानाकडे, श्रीगोंदा लिहिणाऱ्याला श्रीगोंद्याच्या. मराठी विकिपीडियावर हे दुवे स्वयंसेवक एकेक करून हाताने घालतात.